सहसा पंधरा मिनिटांत उत्तर देतात

नांदेडात "मी लेखन करतो" असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "बाँडवर का कोऱ्या कागदावर?" तसं नाही हो, लेख, मुलाखती, कंपन्यांची माहितीपत्रकं वगैरे, असं आपण समजावायला लागलो की तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते झालं. पण करता काय?"

हा दुसरा प्रश्न मला वजिराबादच्या चहाच्या टपरीपासून सासुरवाडीच्या ओसरीपर्यंत सगळीकडं विचारला गेला आहे. त्याचं उत्तर शेवटी लातुरात सापडलं. माझा भाचा तिथल्या कुठल्याशा क्लासमधून डिजिटल मार्केटिंग शिकून नुकताच बाहेर पडला होता आणि शिकलेलं कुणावर तरी करून बघायला त्याचे हात शिवशिवत होते.

"मामा, पेज काढा. बिझनेस पेज."

"माझं प्रोफाइल आहे की."

"प्रोफाइलला पाच हजारांच्या वर मित्र होत नसतेत. पेजला लिमिट नाही."

माझे मित्र तेव्हा सहाशेसुद्धा नव्हते आणि त्यातले निम्मे प्लॉट विकणारे होते. तरी पाच हजारांची मर्यादा आहे म्हटल्यावर मला एकदम कोंडल्यासारखं झालं. फेसबुकनं धंद्यासाठीची पेजं 2007 मध्येच सुरू केली होती. म्हणजे इतकी वर्षं मी कुंपणाच्या आत बसून जगभरच्या मराठी वाचकांवर अन्याय करत होतो. त्याच रात्री पेज निघालं. नाव सांगत नाही. त्यात 'अक्षर' आणि 'सेवा' असे दोन शब्द होते, एवढंच सांगतो.

लातूरकर कुठलंही काम हाती घेतो ते परीक्षेसारखं. सराव-प्रश्नपत्रिका आणि त्यावर पुन्हा सराव-प्रश्नपत्रिका सोडवून ज्या गावानं दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या गाजवल्या आणि साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी 'लातूर पॅटर्न' बसवला, त्या गावचा भाचा मामाला मोकळा कसा सोडणार? त्यानं वेळापत्रक पाठवलं. सोमवारी सुविचार, मंगळवारी लेखनाची टीप, बुधवारी 'तुमचं मत सांगा', गुरुवारी जुना फोटो, शुक्रवारी रील, शनिवारी ग्राहकाचा अभिप्राय. ग्राहक अजून नव्हता, तरी त्याचा वार ठरला होता. रविवारी टेस्ट.

"रीच किती?"

"तीस-पस्तीस."

"मागच्या हप्त्यात?"

"चाळीसच्या आसपास असंल."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दुःखी आवाज आला, "मामा, तुम्ही मनावर घेईना झालाव."

या वेळापत्रकात लेख कधी लिहायचा, ते कुठंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "ते तुमच्या वेळात बघा."

पेजवर फोनचं बटण होतं. पहिला फोन लोह्याकडून आला.

"सेवा केंद्र का? पीक विम्याची साइट चालू झाली का?"

"हे लेखनाचं पेज आहे, मामा."

"मग अर्ज लिहून द्या की. बसून काय करायलाव?"

त्यानंतर उत्पन्नाच्या दाखल्याचे आले, रेशनकार्डात नाव वाढवण्याचे आले. एका गृहस्थांना वाटणीपत्र हवं होतं. "तिघं भाऊ हाव. धाकट्याला विहिरीकडची बाजू द्यायची नाही, पण वाचताना त्याला वाटलं पाहिजे की दिली." कथालेखनाची इतकी अवघड मागणी माझ्याकडं आजवर कुठल्या संपादकानं केलेली नाही. मी नम्रपणे नकार दिला. ते म्हणाले, "मग कशाचे लेखक तुम्ही?"

या माणसाला कुठं पाठवावं म्हणून मी तहसील कचेरीच्या आवारात चौकशीला गेलो आणि तिथं मला जिल्ह्यातले खरे स्वतंत्र लेखक दिसले. टेबल, खुर्ची, शिक्क्यांचा डबा आणि पाठीमागं दोरीला बांधलेली पाटी : मुद्रांक विक्रेता व दस्तलेखक. ना पेज, ना फॉलोअर, पण समोर रांग. मजकुराचा दर ठरलेला, पैसे आधी. मानधन 'बघू', 'पुढच्या अंकाला बघू' असले प्रकारच नाहीत. आणि वाचक? माझ्या लेखाखाली 'अप्रतिम' लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुसरा परिच्छेद पाहिलेला नसतो. इथं गिऱ्हाईक चतुःसीमेवर बोट ठेवून, ओठ हलवत, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सरकारी रस्ता आला का, हे सगळं वाचत होतं. वाचून झाल्यावर पुतण्याला वाचायला देत होतं. आयुष्यात एकदा तरी आपलं लेखन कुणी असं वाचावं, असं मला फार मनापासून वाटलं. बाँड-रायटरला मी माझं कार्ड दिलं. त्यानं ते पालथं करून त्यावर एक गट नंबर टिपून घेतला.

घरी आल्यावर भाच्याचा नवा हुकूम होता. पेजला म्हणे बिल्ला मिळतो. नव्वद टक्के संदेशांना उत्तर द्यायचं आणि तेही सरासरी पंधरा मिनिटांत. तसं आठवडाभर जमलं की पेज संदेशांना फार तत्पर आहे, असं फेसबुक जाहीर करतं. मला आजवर कुठलाच पुरस्कार मिळालेला नाही, त्यामुळं मी पेटलो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एका हातात अक्षता आणि एका हातानं 'नमस्कार, आपल्या संदेशाबद्दल आभार' असं टाइप करायला लागलो. नवऱ्या मुलावर पडायच्या अक्षता भटजींवर पडल्या. रात्री फोन वाजला की ही झोपेतच म्हणायची, "उठा, तुमचं गिऱ्हाईक आलं."

गिऱ्हाईक पंजाबातलं असायचं. भाच्यानं नकाशावर पेजची खूण टोचली होती ती नेमकी गुरुद्वाऱ्याच्या परिसरात. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये जिथं देह ठेवला त्या हजूर साहिबला देशभरातून भाविक येतात आणि निघण्याआधी नांदेडात कुणालातरी विचारावं असं त्यांना वाटतं. "वीरजी, कमरा मिल जाएगा?" "सचखंड एक्सप्रेस टाइम पे है जी?" पंधरा मिनिटांची अट असल्यानं मी स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालाला फोन करून गाडी विचारायचो. यात्री निवास कुठं, लंगर कुठं, सगळं सांगायचो. अमृतसर-लुधियानाच्या मंडळींनी माझ्या पेजची शिफारस केली. 'बहुत अच्छी सेवा.' माझी एक ओळही न वाचता माझी कीर्ती सतलजपर्यंत पोचली होती.

पण आकडा हलत नव्हता. मग नातेवाइकांकडं मोर्चा वळवला. लातूरच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत मी प्रत्येकाला विचारत होतो, "पेज लाइक केलं का?" जिलेबी वाढणाऱ्यालाही सोडलं नाही. तेव्हा कळलं की लाइक हा आहेर आहे. कुणी किती केला ते लिहून ठेवावं लागतं आणि त्याच्या घरचं कार्य निघालं की तेवढाच परत करावा लागतो. मावसभावाचं चिकन सेंटर, साडूची एन.ए. प्लॉटिंग, चुलतमेहुण्याचं ठिबक सिंचन, कुणाच्या तरी जावयाचं केसगळतीवरचं तेल, अशी सगळी पेजं मी लाइक केली. परिणाम असा झाला की उठल्यावर फोन उघडला की साहित्याऐवजी आधी ताजी लेगपीस दिसायची. हिनं विचारलं, "एवढ्या लाइकांचं पुढं काय होतं?" मी म्हणालो, "पुढं वाचक होतात." ती म्हणाली, "कधी?"

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलनापेक्षा चांगली बाजारपेठ कोणती? मी कार्डावर क्यूआर कोड छापून घेतला आणि उन्हात मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलो. कोड पुढं केला की रसिक दोन पावलं मागं सरकायचे. "नाही हो, आत्ताच पुस्तकं घेतली." एकानं "सुट्टे नाहीत" म्हणून हात जोडले. एका दयाळू आजोबांनी मात्र जवळ येऊन हळूच विचारलं, "कशासाठी गोळा करायलाव? कुणी आजारी हाय का घरात?"

मी माझं समाधान इतिहासात शोधायला लागलो. वाचक जमवायची धडपड मराठीत काही आजची नाही. ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' काढलं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये 'मनोरंजन' सुरू केलं आणि 1909 मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढून दाखवला. दिवाळीला करंजीबरोबर साहित्यही लागतं, ही सवय त्यांनी आपल्याला लावली. हे सगळं मी भाच्याला भारावून सांगितलं. तो म्हणाला, "मंजे मित्र सरांनी फेस्टिव्हल कँपेन केलं. मग तुम्ही कामून करंनाव?"

केलं. पाचशे रुपये भरून एक लेख बूस्ट केला. कुणाला दाखवायचा, असं फेसबुक विचारतं. मी ठिकाण लातूर टाकलं, वय अठरा ते पंचवीस टाकलं आणि आवड 'वाचन' टाकली. लातुरात या वयाची पोरं वाचतात हे खरंच आहे. रात्री दोनपर्यंत वाचतात. फक्त जीवशास्त्र वाचतात. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळाही रस्त्यांनी पोरं धावून आल्यागत एका संध्याकाळी माझ्या पेजवर गर्दी उसळली. "सर, पीडीएफ आहे का?" "सर, रिपीटर बॅच कधी चालू होणार?" "मेसची सोय आहे का सर?" लेख होता वऱ्हाडी आणि मराठवाडी ठेच्यावर. एका मुलीनं मात्र तो पूर्ण वाचला होता. तिनं विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

यानंतरचा गुरुवार माझ्या साहित्यिक कारकिर्दीतला सर्वोच्च दिवस होता. वेळापत्रकाप्रमाणे जुना फोटो टाकायचा होता. कॉलेजातला, स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा फोटो मिळाला. केसांचा कोंबडा, हातात पेन, नजर दूर कुठंतरी. त्यासोबत भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं जाळण्याच्या दिवसांवर एक विनोदी लेख टाकला. मथळा दिला : 'गेले ते दिवस'.

मुखेडच्या एका वर्गमित्रानं फोटो पाहिला, 'गेले' एवढं वाचलं आणि लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

आपल्याकडं कमेंट करणारा पोस्ट वाचत नाही, वरची कमेंट वाचतो. तासाभरात श्रद्धांजलीची रीघ लागली. "विश्वास बसत नाही." "परवाच तर लग्नात भेटले, पेज लाइक करा म्हणत होते." "शेवटपर्यंत लाइकच मागत राहिले बिचारे." एका भावी नगरसेवकानं तर माझा फोटो बारीक आणि स्वतःचा, हात जोडलेला, मोठा लावून डिजिटल बॅनरच टाकलं : साहित्यक्षेत्राची न भरून निघणारी हानी. ज्या शेजाऱ्यानं मला वर्षानुवर्षं "करता काय?" असं विचारलं, त्यानं लिहिलं, "कुरुंदकर गुरुजींच्या नंतर नांदेड पुन्हा पोरकं झालं." नरहर कुरुंदकर 1982 मध्ये गेले, त्यांच्या सावलीत बसायची माझी लायकी नाही हे मला ठाऊक आहे, पण ती कमेंट मी अजून काढलेली नाही.

भाच्याचा फोन आला. मला वाटलं, रडत असेल.

"मामा, रीच बघितला का? मोक्कार चढायलाय!"

"अरे, आत्या कंधारहून एसटीत बसल्यात! खुलासा टाकू दे."

"संध्याकाळी सातला टाका. आत्ता टाकला तर खाली येईल."

मधल्या वेळेत एका मासिकाच्या संपादकांचाही फोन आला. पूर्वी माझा नंबर दिसला की ते मीटिंगमध्ये असायचे. त्यांनी घसा खाकरून हिला विचारलं, "त्यांच्या दोन लेखांचं मानधन राहिलंय. चेक कुणाच्या नावानं काढू?" हिनं क्षणाचाही विलंब न लावता स्वतःचं नाव सांगितलं. चेक वटला. फ्रीलान्स लेखकाला वसुलीचा एवढा खात्रीचा मार्ग दुसरा असेल असं वाटत नाही, अर्थात तो दर महिन्याला वापरता येत नाही.

सातला मी खुलासा टाकला. 'मित्रहो, मी हयात आहे.' त्याला चार अंगठे आले आणि मुखेडच्या त्याच मित्राची एक कमेंट : "छान लिहिलंय सर."

आत्या दोन दिवस राहून गेल्या. आलोच आहे म्हणून गुरुद्वारा बघितला, नगीना घाटावर पाय धुतले. जाताना म्हणाल्या, "पुढच्या टायमाला फोन करून मर."

शुक्रवारचं रील अजून बाकी होतं. भाचा म्हणे आता कुणी वाचत नाही, बघतात, तुम्ही बोला. मार्गशीर्ष चालू होता आणि माळेगावची खंडोबाची यात्रा भरली होती. मी लोह्याच्या पुढं गाडी लावून जनावरांच्या बाजारात एक बरी जागा धरली आणि 'लेखकाला स्वतःचा आवाज कसा सापडतो' या विषयावर दीड मिनिट बोललो. उच्चार स्वच्छ, हातवारे मोजके. माझ्या मागं एक लाल कंधारी वळू उभा होता. माझ्या प्रत्येक पूर्णविरामाला तो मान हलवत होता, आणि शेवटी मला सापडलेल्या आवाजावर त्यानं आपला आवाज चढवला.

रील सुसाट सुटलं. खाली पहिलीच कमेंट : "किती दाती?" दुसरी : "समोरचं माणूस बाजूला करून पूर्ण व्हिडिओ टाका." मग लातूर जिल्ह्यातून देवणीवाले उतरले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : लाल कंधारी हा आमच्या नांदेडचा गोवंश, गडद तांबडा, शेतकामाला दणकट, देवणी हा लातूरकडचा, पांढऱ्यावर काळे ठिपके, कामालाही चालतो आणि दूधही देतो. दोन्हींच्या मालकांचा अभिमान मात्र एकाच वाणाचा. "देवणीसमोर हे काय?" "दूध प्यायचं असंल तर डेअरीत जा, आमचं जनावर नांगराला हाय." "आधी उदगीरच्या बाजारात येऊन बघा, मग बोला." इतके लांब, इतके मुद्देसूद आणि शुद्धलेखनाची पर्वा न करता इतक्या तळमळीनं लिहिलेले प्रतिसाद मला साहित्यातल्या कुठल्याही वादात दिसलेले नाहीत. कुणी दातांचे पुरावे देत होतं, कुणी आजोबांच्या बैलजोडीची साक्ष काढत होतं. माझ्या आवाजाबद्दल एकानंच लिहिलं : "मागचा आवाज कुणाचा आहे? त्यामुळं वळूचा नीट ऐकू येत नाही."

फॉलोअर हजारांनी वाढले. भाच्यानं क्लासमध्ये माझं उदाहरण देऊन टाळ्या मिळवल्या म्हणे.

आणि एक दिवस त्या वळूचे मालक घर शोधत आले. पटका, काठी, सोबत मोबाइल सांभाळणारा नातू. "सर, ह्याला इकायचंय. तुमच्या पेजवर चांगलं लिहून टाका. पैसे किती?" मी दर सांगितला. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. आधी! माझा हात थरथरला.

मी जीव ओतून लिहिलं. नातवानं ते मोठ्यानं वाचलं. आजोबा डोळे मिटून ऐकत होते.

"थांब. 'चार दाती' नाही, सहा दाती हाय. दुरुस्त करा." केलं.

"'कान ताठ' कुणी सांगितलं? कान लांब अन् आडवे लोंबते लिहा. ताठ लिहिलं तर कंधारी कोण म्हणंल?" केलं.

"हे 'जणू तांबडी पहाट' कशाला? रंग तांबडा, एवढं बास." काढलं.

"परत वाच रे." नातवानं परत वाचलं. आजोबांनी दोन ठिकाणी शब्द मागंपुढं करायला लावले, आणि ते मागंपुढं केल्यावर मजकूर खरंच बरा झाला. आता पसंत पडलं असावं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी नातवाच्या हातातून कागद घेतला, अगदी तळाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "हे नाव कुणाचंय?"

"माझं. लेखकाचं."

"हे आधी खोडा," ते म्हणाले. "लोकांना वाटंल, वळू तुमचाय."